पत्रांना कात्री लावू नका

बीड जिल्ह्यातील आमच्या लहानशा धर्मग्रामाने काही काळापूर्वी एक स्मरणिका प्रसिद्ध केली. पैसा बेताचा, लिहिणारे हात थोडे. तरीही बिशप महोदयांचा संदेश, जुन्या मिशनरी फादरांची छायाचित्रे, पहिल्या बाप्तिस्म्यांची हकीकत आणि पुष्कळशा जाहिराती असा अंक तयार झाला. त्यातील एका पानावर ‘आमचा वीर जवान’ या मथळ्याखाली एका दिवंगत धर्मबंधूच्या पत्रांतील तीन वाक्ये चौकटीत छापली होती. १९७१ च्या युद्धात ते पूर्व आघाडीवर होते आणि तेथून त्यांनी आईवडिलांना ही पत्रे लिहिली होती. देशासाठी प्राण देण्याची तयारी आहे, आमची काळजी करू नका, प्रभू पाठीशी आहे, अशा अर्थाची ती तीन वाक्ये. समारंभात ती मोठ्याने वाचली गेली आणि टाळ्या झाल्या.

समारंभ आटोपल्यावर त्यांचे धाकटे बंधू माझ्याकडे आले. आता वय सत्तरीला टेकलेले, निवृत्त शिक्षक. पत्रांचा पुडका त्यांनीच आमच्या हवाली केला होता. अंक उघडून त्यांनी त्या चौकटीवर बोट ठेवले व विचारले, “फादर, माझ्याबद्दलचं कुठं गेलं हो?”

मी म्हणालो, “सर, जागा अपुरी पडली.” त्यांनी काही न बोलता त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागाकडे पाहिले. तेथे एका खतविक्रेत्याची जाहिरात होती.

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते मी तेव्हा द्यायला हवे होते. स्मरणिकेच्या समितीचा अध्यक्ष मीच होतो व छपाईला जाणाऱ्या मजकुरावर सही माझी होती. म्हणून पुढे जे कठोर लिहिणार आहे, त्यातील पहिला फटका माझ्याच पाठीवर बसतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ती पत्रे होती तरी कशी? निळसर आंतरदेशीय पत्रे, वर ५६ एपीओचा शिक्का. म्हणजे जवान नेमका कोठे आहे हे घरी कळण्याचा मार्गच नाही. आरंभी ‘तीर्थरूप बापू व आई यांस शि. सा. न. वि. वि.’, मग ‘इकडील सर्व क्षेम’, आणि त्यानंतर सगळ्या घराची चौकशी. विहिरीला पाणी किती राहिले? बैल विकला की ठेवला? पाऊस दगा देऊ लागला होता. पुढच्या वर्षी १९७२ चा तो भीषण दुष्काळ यायचा होता. तुम्ही ऊसतोडीला कारखान्यावर जाणार असाल तर माझे पत्र मास्तरांकडे ठेवायला सांगा, असे एका पत्रात आहे. आईवडिलांना अक्षरओळख नव्हती. गावातील कॅटेकिस्ट मास्तर ओट्यावर बसून पत्र वाचून दाखवीत.

आणि त्याच पत्रांत आम्ही गाळलेली वाक्ये आहेत. एका पत्रात लिहिले आहे की रात्री झोप येत नाही, तोफा थांबल्यावर तर मुळीच येत नाही. दुसऱ्या पत्रात, १६ डिसेंबरच्या शरणागतीनंतर, एका युद्धकैद्याचा उल्लेख आहे. तो साधारण यांच्याच वयाचा. यांना पत्र लिहिताना पाहून, मलाही माझ्या आईला पत्र पाठवता येईल काय, असे त्याने खुणेने विचारले. ‘त्याची आई पण वाट पाहत असेल,’ असे पुढे लिहून आमच्या जवानाने विषय संपविला आहे. आणि तिसरे वाक्य धाकट्या भावाचे: त्याला शाळेतून काढू नका व भरतीला पाठवू नका, एका घरातून एक पुरे, मी पैसे पाठवीन.

त्या एका वाक्यामुळे एक मुलगा शाळेत राहिला, शिक्षक झाला, आणि शेकडो मुलांना त्याने बाराखडी शिकविली. त्याचे सारे आयुष्य ज्या ओळीवर उभे होते, ती ओळ आम्ही कापली.

का कापली? समितीत कोणी दुष्ट नव्हते. तिघेही भले गृहस्थ. कैद्याविषयीच्या ओळीबद्दल एक जण म्हणाले, “फादर, हे बाहेरच्यांच्या हाती पडलं तर म्हणतील, बघा, यांना शत्रूचा कळवळा.” भरतीविषयीच्या ओळीबद्दल दुसरे म्हणाले, “लोक म्हणतील, हे लोक मुलांना फौजेत जाऊ नका म्हणून सांगतात.” झोपेची ओळ तर चर्चेशिवायच गेली. आपण ख्रिस्ती, संख्येने मूठभर. कधी कोण आपल्या निष्ठेवर बोट ठेवील याचा नेम नाही. एखादे देशभक्तीचे प्रमाणपत्र हाताशी असावे, एवढीच सर्वांची इच्छा. मीही मान डोलावली.

परंतु पत्र हे प्रमाणपत्र नव्हे. प्रमाणपत्र अधिकाऱ्यासाठी लिहितात, पत्र आईबापांसाठी. मुलाने विहिरीच्या पाण्याविषयी विचारले ते आपला धर्म कोणाला पटवून देण्यासाठी नव्हे. त्याची निष्ठा सिद्ध करण्याची गरज असलीच, तर ती त्याने आघाडीवर उभे राहून केव्हाच सिद्ध केली होती. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या शब्दांना पुन्हा एकदा रांगेत उभे करून शेजाऱ्यांपुढे सलामी द्यायला लावणे, हा कृतघ्नपणा आहे. शिवाय यात एक गोष्ट आपण नकळत मान्य करून बसतो: आपल्याकडे प्रमाणपत्र मागण्याचा कोणाला तरी अधिकार आहे. तो अधिकार भारताच्या संविधानाने कोणालाही दिलेला नाही. मग आपणच तो का बहाल करावा?

फौजी पत्रांना कात्री लावण्याचा इतिहास जुना आहे. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस हिंदी सैन्य फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरले. त्यातील बहुतेक शिपाई निरक्षर होते. ते सहकाऱ्याकडून किंवा लिहिणाराकडून पत्रे लिहवून घेत. सरकारने ती पत्रे तपासण्यासाठी स्वतंत्र कचेरी उघडली. पत्रे फोडून वाचायची, उतारे इंग्रजीत उतरवायचे आणि दर आठवड्याला वरिष्ठांकडे अहवाल पाठवायचा, असा क्रम होता. शिपाईही काही भोळे नव्हते. हिंदी सैनिकांना काळी मिरी आणि गोऱ्यांना तांबडी मिरची अशी सांकेतिक नावे देऊन, कोणता माल किती संपला, हे ते गावी कळवीत. साहेबांच्या तपासनिसांना तो संकेत उमगलाही होता.

आता दैवाचा खेळ पाहा. ज्या गावांना ती पत्रे पोचली, तेथे ती जवळजवळ सर्व नाहीशी झाली. कोणी पेटीत ठेवली ती वाळवीने खाल्ली, कोणाची चुलीत गेली, कोणाची रद्दीत. शिल्लक राहिले ते संशयाने पत्रे फोडणाऱ्या सरकारचे अहवाल. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांतील निवडक पत्रे इतिहासकार डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्या शिपायांची भीती, भूक, थंडी, घराची ओढ आज जगाला ठाऊक आहे ती त्या तपासनिसांमुळे. ज्यांना हा मजकूर धोकादायक वाटला, त्यांनी तो जतन केला. ज्यांचे रक्ताचे नाते होते, त्यांनी तो गमावला. आम्ही तर याहूनही पुढे गेलो. आम्ही मजकूर जतनही केला नाही आणि तपासनिसाचे कामही स्वतःकडे घेतले.

मराठी पलटणींच्या वाट्याला प्रामुख्याने मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, आला. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कुत येथे ते सैन्य वेढ्यात सापडले. पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी त्याने शरणागती पत्करली आणि सुमारे तेरा हजार माणसे कैदेत गेली. त्यांतील कित्येक परतलीच नाहीत. त्या आघाडीवरील मृतांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे भव्य स्मारक उभारण्यात आले. त्यावर चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मरण आहे. परंतु गोऱ्या सैनिकांची नावे दगडात कोरली गेली, आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या. युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२१ साली, म्हणजे शंभर वर्षांनी.

दगडावर संख्या उरली. घरी आलेल्या कागदावर मात्र माणूस होता. त्या काळी मराठी पत्रे सर्रास मोडीत लिहिली जात. चुकून एखादा कागद एखाद्या घरात उरला असला तरी नातवंडांना त्यातील एक अक्षर लागत नाही. बीडच्या मातीला फौज काही परकी नाही. आपले अंबाजोगाई मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई, तेव्हा तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. त्या छावणीतून गेलेल्या माणसांनी घरी काय कळविले असेल, हे आज आपल्याला कोण सांगणार?

आपल्या काळातले एक पत्र घेऊ. कारगिलच्या लढाईत २९ जून १९९९ रोजी कॅप्टन विजयंत थापर हे दोन राजपुताना रायफल्सचे अधिकारी धारातीर्थी पडले. वय अवघे बावीस. हल्ल्यापूर्वी त्यांनी घरच्यांसाठी लिहून ठेवलेले पत्र देशभर गाजले. दरवर्षी जुलै महिन्यात त्यातील पुनर्जन्म घेऊन पुन्हा देशासाठी लढण्याचा भाग वाचला जातो, आणि तो वाचावाच. पण त्याच पत्रात शरीराचा जो अवयव घेता येईल तो घ्यावा असे म्हटले आहे, अनाथाश्रमाला पैसे द्यावेत असे म्हटले आहे, आणि रुखसाना नावाच्या मुलीला दरमहा पन्नास रुपये देत राहावे असेही सांगितले आहे. काश्मीरमधील ही लहान मुलगी. अतिरेक्यांनी तिच्या वडिलांचा जीव घेतला होता. मरणाच्या दाराशी उभा असलेला अधिकारी पन्नास रुपयांचा हिशेब विसरला नाही. मला विचाराल तर त्या पत्राचा प्राण त्या पन्नास रुपयांत आहे. ती ओळ गाळली की उरतो तो पुतळा. ती ठेवली की कळते, हा तरुण कोणासाठी लढत होता.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा: ही खाजगी पत्रे, ती छापण्याचा तुम्हाला काय अधिकार? आक्षेप रास्त आहे. कुटुंबाची इच्छा नसेल तर एक अक्षरही छापू नये. पेटी बंद ठेवणे हा कुटुंबाचा हक्क आहे. पण पेटी उघडून आपल्या सोयीचे तेवढे बाहेर काढणे, यात खाजगीपणाचा मान राहत नाही आणि सत्याचाही राहत नाही. ओट्यावर बसून पत्र वाचणाऱ्या मास्तरांनी आईच्या काळजाला धक्का बसू नये म्हणून झोपेची ती ओळ कदाचित गिळली असेल. ती दया होती. पण मास्तरांनी कागद जसाच्या तसा घडी घालून त्या माउलीच्या हाती परत दिला. आमच्या कात्रीत दया नव्हती, भीती होती.

दुसरा आक्षेप तरुणांचा कैवार घेणारा आहे. आजही आमच्या भागात पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर मुले धावताना दिसतात. २०२२ पासून अग्निवीर भरती आली. नोकरी चार वर्षांची, तरी धावणे थांबलेले नाही. कोरडवाहू जमीन, ऊसतोडीचा कोयता आणि फौजेची वर्दी, यांतून निवड करायची असते. अशा मुलांपुढे भीतीची, निद्रानाशाची पत्रे ठेवली तर त्यांचे धैर्य खचेल, असे म्हणतात. मला उलटे वाटते. जो मुलगा खोट्या चित्रावर भाळून जाईल, तो पहिल्या भयाण रात्री स्वतःलाच भित्रा ठरवील. ज्याला आधीच कळलेले असेल की आपल्याच गल्लीतल्या शूर माणसालाही झोप येत नव्हती, आणि तरी तो सकाळी उठून पहाऱ्यावर उभा राहत होता, त्याला आपल्या भीतीची लाज वाटणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक: शत्रूविषयी कणव. येथे ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगाविषयीच्या दस्तऐवजात, आपले कर्तव्य नीट बजावणारा सैनिक हा लोकांच्या सुरक्षिततेचा व स्वातंत्र्याचा सेवक आहे, असे म्हटले. आणि त्याच प्रकरणात सरसकट संहाराचा कडक निषेधही केला. दोन्ही गोष्टी एकत्र धरायच्या असतात. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९१७ साली चालू महायुद्धाला निरर्थक कत्तल म्हटले, तेव्हा दोन्ही बाजूंची राष्ट्रे त्यांच्यावर रुष्ट झाली. त्यांच्याच कारकिर्दीत व्हॅटिकनने युद्धकैद्यांचा ठावठिकाणा शोधून घरच्यांना कळविण्याचे काम अंगावर घेतले. दुसऱ्या महायुद्धात पोप बारावे पायस यांनी तेच काम मोठ्या प्रमाणावर चालविले आणि कैद्यांचे निरोप व्हॅटिकन रेडिओवरून प्रसारित होत. कैद्याला घरी पत्र लिहिता यावे, हे १९४९ च्या जिनिव्हा कराराने कायद्याच्या चौकटीत बसविले. तेव्हा ‘त्याची आई पण वाट पाहत असेल’ असे लिहिणारा बीड जिल्ह्यातील हा अल्पशिक्षित जवान देशद्रोह करीत नव्हता. त्या कराराचे पान न वाचता तो त्याचे मर्म जाणत होता. शुभवर्तमान वाचल्याची खूण तरी याहून वेगळी काय असते? आम्ही त्याला वीर म्हणून छापले आणि त्याच्या ख्रिस्तीपणाचा एकमेव पुरावा मात्र कचऱ्यात टाकला.

याबाबतीत धर्माधिकाऱ्यांचा पूर्वेतिहास फारसा उज्ज्वल नाही, हेही सांगितले पाहिजे. ऑस्ट्रियातील सेंट राडेगुंड या खेड्यातील फ्रान्झ येगरश्टेटर हा शेतकरी, आपल्या चर्चचा सॅक्रिस्टन, तीन लहान मुलींचा बाप. हिटलरच्या सैन्यात लढण्यास त्याने १९४३ साली नकार दिला. बिशपांनीही त्याला, ही जबाबदारी तुझी नव्हे, असे समजावले होते. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. तुरुंगातून त्याने पत्नीला लिहिलेल्या पत्रांत शेतीच्या कामांच्या व मुलींच्या चौकशा आहेत आणि त्यांच्याच शेजारी विवेकबुद्धीचे निखारे आहेत. युद्धानंतर त्याच्याविषयीचा लेख धर्मप्रांताच्या पत्रिकेत छापण्यास परवानगी नाकारण्यात आली; परतलेल्या सैनिकांची मने दुखावतील, ही भीती. पत्नी फ्रान्सिस्का हिने गावाचे टोमणे सोसले, पण पत्रे सांभाळली, अखंड सांभाळली. २००७ साली त्याच ख्रिस्तसभेने त्याला धन्यवादित घोषित केले, तेव्हा ती म्हातारी समोर बसलेली होती. धर्मप्रांताच्या कात्रीपेक्षा एका शेतकरणीची पेटी अधिक विश्वासार्ह ठरली. आमच्या जवानाची गोष्ट निराळी. तो लढला, आणि लढणे त्याचे कर्तव्य होते. पण पेटीचा धडा दोघांनाही लागू पडतो.

शेवटचे आणि माझ्या दृष्टीने निर्णायक प्रमाण गेथशेमनी बागेतले आहे. प्रभू येशूचे चरित्र लिहिणाऱ्यांपुढेही आमच्यासारखाच प्रश्न असला पाहिजे. नव्या, दुबळ्या, संशयित मंडळीला तेजस्वी प्रभू दाखवायचा होता. रात्री बागेत तो घाबरला, व्याकूळ झाला, हा प्याला टळो अशी पित्याची विनवणी त्याने केली, घाम रक्ताच्या थेंबांसारखा भुईवर पडला, आणि सोबती तर चक्क झोपले होते. ही हकीकत गाळली असती तर विरोधकांचे तोंड बंद झाले असते. त्यांनी ती गाळली नाही. पुत्राने पित्याला केलेली ती विनवणी त्यांनी भीतीसकट आपल्या हाती दिली. त्या विनवणीचा पहिला अर्धा भाग कापला, तर ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या उत्तरार्धाला काय किंमत उरते?

म्हणून माझी वाचक कुटुंबांना हात जोडून विनंती आहे. आपल्या घरी कोणा जवानाची पत्रे असतील तर ती रद्दीत घालू नका. आता मुले आघाडीवरून फोन करतात. बोलणे हवेत विरते. अशी पत्रे पुन्हा लिहिली जाणार नाहीत. ती कोरड्या डब्यात ठेवा, प्रत्येकावर कोणी, कोणाला, केव्हा लिहिले याची चिठ्ठी लावा. मोडी कागद असेल तर मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. मुलांना बसवून संपूर्ण पत्र वाचून दाखवा: बैल, विहीर, भीती, सगळे. आणि जे छापायला द्याल ते संपूर्ण द्या, नाहीतर देऊ नका. माझ्या धर्मगुरू बांधवांना सांगणे एवढेच: बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आपण खाडाखोड करीत नाही, करू देत नाही. मग ज्याचे नाव त्या वहीत आहे, त्याच्या शब्दांत खाडाखोड करण्याचे धाडस कोठून येते?

गेल्या २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, कबरस्तानातील मिस्सा आटोपल्यावर मी त्या निवृत्त शिक्षकांना थांबवून घेतले. त्यांनी पत्रांचा पुडका आणला होता. भावाच्या कबरीपाशी उभे राहून त्यांनी ते पत्र आरंभीच्या ‘शि. सा. न. वि. वि.’ पासून खालच्या सहीपर्यंत वाचले. कैद्याच्या ओळीवर कोणी पुटपुटले नाही. ‘एका घरातून एक पुरे’ या ओळीवर आले तेव्हा त्यांना पुढे वाचवेना. त्यांच्या नातीने कागद हातात घेऊन उरलेले वाचले. स्मरणिकेच्या शिल्लक प्रतींत आता त्या पानाशी संपूर्ण पत्रांची छायाप्रत डकविली आहे. खताच्या दुकानाची जाहिरात तिच्याखाली झाकली गेली. दुकानदारांनी तक्रार केलेली नाही.